एक खुर्ची जादा

अठ्ठावीस नोव्हेंबर. माझ्याकडे खुर्च्या.
दरवर्षी माझ्याकडे खुर्च्याच.
प्रशासकसाहेबांची मखमली, पाद्रीबाबांची वेताची,
माजी सैनिकांच्या बावीस, गेल्या साली सव्वीस होत्या.
उरलेल्या गावाला गवत.

कर्णा चर्चमधून मागून आणलाय.
तो आधी खोकतो, मग घोषणापत्र वाचतो.
घोषणापत्र तसं लहानच,
भाषणं मात्र उन्हं डोक्यावर येईपर्यंत.
शाळेतली पोरं झेंड्याची दोरी पुन्हापुन्हा ओढून पाहतायत.
मागच्या खेपेला तो अर्ध्यावर अडकला,
राष्ट्रगीत संपलं तरी आम्ही सगळे
माना वर करून तसेच उभे.
कुणी हसलं नाही.
कुणी बसलंही नाही.

आणि एर्मेलिंदा येते.
सुपारीनं लाल झालेलं तोंड, खांद्यावर ताइसची घडी,
हातात काठी, जी ती टेकत नाही, रोखते.
"एक खुर्ची जादा लाव. नातालीनोची."
आजी, यादीत नाव नाही.
यादीत यायला दाखला लागतो,
दाखल्याला दोन साक्षीदार,
आणि साक्षीदार जिवंत लागतात.
"लाव."

नातालीनो तिचा धाकटा भाऊ, वय एकोणीस.
त्या संध्याकाळी चिनी दुकानदाराच्या रेडिओपासून
तो चढण चढत धावत आला,
कॉफीला फुलं आली होती, सगळा डोंगर पांढरा,
आणि हा ओरडतोय, "झालो! आपण झालो!"
आई म्हणाली, काय झालो?
तर शब्दच आठवेना.
रेडिओवरचा शब्द पोर्तुगीज होता, लांबलचक,
वाटेत कुठेतरी सांडला.
"झालो गं, झालो!" एवढंच.
बरं, झालास तर मका सोल, म्हणाली आई.
आणि तो हसत मका सोलत बसला,
मध्येच थांबून एकेका दाण्याकडे बघत,
जणू तोही आजच झाला होता.

मग नऊ दिवस.
देशाचं बारसंसुद्धा व्हायचं होतं.
नवव्या दिवशी पहाटे दिलीवर आभाळातून छत्र्या उतरल्या,
आणि डोंगरात कुणाला काही कळायच्या आत
नातालीनो रिकामी पिशवी घेऊन खाली निघाला होता,
घरातलं मीठ संपलं म्हणून.

अर्जात एक प्रश्न आहे : लढ्यातील सहभाग.
मी तिला हळूच सांगितलं होतं,
लिही ना, निरोप पोचवायचा, बंदुका लपवायचा,
तपासतंय कोण?
ती माझ्याकडे बघत राहिली.
"जन्मात त्यानं कोंबडी कापली नाही.
मेल्यावर त्याच्या हातात बंदूक कशाला देऊ?
मीठ आणायला गेला होता, लिही."
मी लिहिलं. अर्ज परत आला.
पाच वेळा लिहिलं, पाच वेळा आला.

त्याची कबर आहे, आत तो नाही.
नदीतला एक गोटा आहे, त्याच्या सदऱ्यात गुंडाळलेला.
सदरा तेवढा खरा.

यंदा मी खुर्ची लावली.
शेवटच्या रांगेत, कडेला, एक पाय जरा आखूड असलेली.
नियमात बसत नाही, पण गवतावर बसली.
राष्ट्रगीताला सगळे उठले,
मग भाषण, मग दुसरं भाषण,
आणि बघतो तर खुर्चीत एक शाळकरी पोरगा
चपला काढून, पाय हलवत, पेंगुळलेला.
मी उठवायला धावलो.
काठी आडवी आली.
"असू दे," एर्मेलिंदा म्हणाली,
"कुणीतरी बसायलाच हवं की."

संध्याकाळी खुर्च्या मोजून शाळेत परत केल्या.
मैदानात सुपारीच्या पिंका, कागदी झेंडे,
एक चप्पल, लहान मापाची.
नोंदवहीत प्रत्येक खुर्चीपुढे नाव लागतं, हुद्दा लागतो.
शेवटच्या ओळीत नाव लिहिलं.
हुद्द्यापाशी पेन बराच वेळ थांबलं,
मग मी कोऱ्या रकान्यात लिहिलं :
मीठ आणायला गेला आहे.